काउंट ओलाफ, अक्षरांचं सूप आणि शनीची कडी

'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' या मुलांच्या रहस्यमालिकेचा पहिला भाग 1999 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. व्हायोलेट, क्लाऊस आणि सनी ही तीन अनाथ भावंडं आणि त्यांच्या वारशावर डोळा ठेवून, वेष बदलत त्यांचा पिच्छा पुरवणारा काउंट ओलाफ, अशी ही तेरा भागांची गोष्ट. पहिल्याच भागात ओलाफ एक नाटक बसवतो. नाटककाराचं नाव असतं अल फनकूट. वाचणारा ते नाव वाचून पुढे जातो. चौथ्या भागात लाकडाच्या गिरणीवर एक मुकादम येतो, त्याचं नाव फ्लाकुटोनो. तेही विचित्र, पण या मालिकेत सगळ्यांचीच नावं विचित्र आहेत. 2001 साली आठवा भाग आला तेव्हा उलगडा झाला. फनकूट आणि फ्लाकुटोनो ही दोन्ही नावं 'काउंट ओलाफ'चीच रोमन अक्षरं फिरवून बनवलेली आहेत. एकही अक्षर कमी नाही, एकही जास्त नाही. अशा फेरमांडणीला अॅनाग्राम म्हणतात.

जगभरातल्या मुलांनी मग आधीचे भाग पुन्हा उघडले आणि प्रत्येक नावाची अक्षरं मोजायला सुरुवात केली. या मुलांनी जे केलं त्यात गणित आहे, मेंदूविज्ञान आहे, आणि पुरावा कशाला म्हणायचं हा विज्ञानातला सर्वांत मूलभूत प्रश्नही आहे. म्हणून मला त्यांचं काम फार मोलाचं वाटतं.

आठव्या भागातला प्रसंग असा. ओलाफच्या टोळीने व्हायोलेटला एका रुग्णालयात खोट्या नावाने दडवलं आहे. क्लाऊस आणि धाकटी सनी यांच्या हाती रुग्णांची यादी आहे आणि बहिणीचं नाव त्यातलं कुठलं हे त्यांना शोधायचं आहे. त्यांना अक्षरांच्या आकाराच्या शेवया घातलेल्या सुपाचा डबा सापडतो. त्यातून 'व्हायोलेट बोदलेअर'ची अक्षरं वेचून ती यादीतल्या नावांशी ताडत जातात आणि 'लॉरा व्ही. ब्लीडिओटी' या नावावर थांबतात.

इथे थोडं गणित करू. 'काउंट ओलाफ' रोमन लिपीत नऊ अक्षरांचं आहे आणि त्यात 'ओ' दोनदा येतो. त्याच्या वेगवेगळ्या मांडण्या होतात 1,81,440. व्हायोलेटचं पूर्ण नाव सोळा अक्षरांचं. त्यात 'ई' तीनदा आणि 'ए', 'आय', 'एल' प्रत्येकी दोनदा येतात. मांडण्या होतात 43,589 कोटी 14 लाख 56 हजार. सेकंदाला एक या वेगाने सगळ्या तपासायच्या म्हटल्या तर सुमारे 13,800 वर्षं लागतील. तरीही दोन मुलं हे काम शेवया मांडून उरकतात, कारण ती मांडण्या शोधतच नाहीत. समोरच्या नावात नेमकी तीच अक्षरं तितक्याच वेळा आहेत का, एवढंच ती पाहतात. शोधणं महाकठीण आणि पडताळणं अगदी सोपं, असा हा प्रकार आहे. संगणकाचा अॅनाग्राम शोधणारा प्रोग्रामही हेच करतो. शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं तो वर्णक्रमाने लावून ठेवतो. क्रम लावल्यावर जे दोन शब्द सारखे दिसतात, ते एकमेकांचे अॅनाग्राम.

वाचकांनी ही युक्ती त्या यादीतल्या उरलेल्या नावांना लावली आणि घबाडच सापडलं. 'लिंडा ऱ्हाल्डीन' म्हणजे डॅनियल हँडलर. लेमनी स्निकेट या टोपणनावाने मालिका लिहिणाऱ्या लेखकाचं हे खरं नाव. 'मॉन्टी केन्सिकल' म्हणजे खुद्द लेमनी स्निकेट. 'एरिक ब्लुथेट्स' म्हणजे चित्रकार ब्रेट हेल्क्विस्ट. आणि 'रुथ डरक्राउम्प' म्हणजे रुपर्ट मर्डोक, ज्यांच्या उद्योगसमूहाची प्रकाशनसंस्था ही पुस्तकं काढत होती! कथानकाला यातल्या एकाही नावाची गरज नव्हती. लेखकाने ती शोधणाऱ्यांसाठीच पेरली होती.

'अल फनकूट' वाचताना सहजी डोळ्यावर येत नाही, यामागे मेंदूची एक खोड आहे. अॅनाग्रामवरच्या मानसशास्त्रीय प्रयोगांत एक गोष्ट वारंवार दिसली आहे. फिरवलेली अक्षरं उच्चारता येण्यासारखी असली, तर कोडं सोडवायला जास्त वेळ लागतो. आपला मेंदू त्या अक्षरांचे सरळ उच्चार जुळवतो, त्यांचा एक गठ्ठा बांधतो, आणि बांधलेला गठ्ठा सोडायला तो नाखूश असतो. उच्चारताच न येणाऱ्या व्यंजनांच्या रांगेला आपण लगेच कोडं म्हणून ओळखतो. 'फनकूट'ला आडनाव म्हणून सोडून देतो.

शेवया हाताने हलवण्याची कल्पनाही नुसती गंमत नव्हे. स्क्रॅबलच्या सोंगट्या देऊन शब्द तयार करायला सांगितलेल्या प्रयोगांत, सोंगट्या हलवायची मुभा असलेल्यांना अवघड अक्षरसंचातून जास्त शब्द सुचले. बोटं अक्षरं सरकवत असताना जुना गठ्ठा आपोआप मोडतो. आणि मग उत्तर 'चमकून' जातं. 2004 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी टिपल्या. उत्तर अचानक सुचल्याचं माणसाने सांगण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधी उजव्या कानशिलामागच्या भागात जलद लहरींचा उसळता झोत दिसला. एकेक शक्यता तपासत उत्तरापर्यंत पोचलेल्यांत तो तसा दिसला नाही.

पण चमकून गेलेलं उत्तर बरोबर असतंच असं नाही. ग्यानबाची मेख इथे आहे, आणि ती पहिल्यांदा ज्यांना टोचली ते लोक लहानसहान नव्हते.

1610 साली गॅलिलिओने दुर्बिणीतून शनी पाहिला. त्याला तो तीन गोलांचा दिसला. शोधाचं श्रेय हातचं जाऊ नये आणि खात्री होईपर्यंत गुपितही फुटू नये, म्हणून त्याने 37 अक्षरांची एक अर्थहीन ओळ प्रागला पाठवली. तिथल्या केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने ती अक्षरं जुळवून लॅटिन वाक्य काढलं. त्याचा अर्थ निघत होता, मंगळाला दोन चंद्र आहेत. अक्षरं तंतोतंत जुळत होती. गॅलिलिओचं खरं वाक्य होतं, 'सर्वांत उंचावरचा ग्रह मी तिहेरी पाहिला.' मंगळाला खरोखरच दोन चंद्र आहेत हे कळलं 1877 साली, पण केप्लरचं वाचन त्यामुळे बरोबर ठरत नाही. आणि गॅलिलिओला 'तिहेरी' दिसलेला शनी म्हणजे त्याची कडी होती. ते पुढे डच शास्त्रज्ञ हायगेन्सने ओळखलं आणि 1656 साली तेही अॅनाग्राममध्येच लपवून छापलं. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम 1676 साली असाच चौदा अक्षरांत बांधून ठेवला. उलगडा दोन वर्षांनी केला, 'जसा ताण, तसं बल'. हायगेन्स आणि हूक या दोघांनी अक्षरं सरळ वर्णक्रमाने लावून दिली होती. आजचा प्रोग्राम नेमकं हेच करतो.

केप्लरसारखा माणूस का फसला? साध्या गुप्तलिपीत, म्हणजे प्रत्येक अक्षराऐवजी ठरलेलं दुसरं अक्षर लिहिलं असेल तेव्हा, मजकूर जितका लांब तितकी उकल पक्की होत जाते. अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी 1949 साली दाखवलं की इंग्रजीत पंचवीस-तीस अक्षरांनंतर अर्थपूर्ण उत्तर सहसा एकच उरतं. अॅनाग्रामचं याच्या अगदी उलट आहे. अक्षरं वाढली की मांडण्यांची संख्या भाषेच्या बंधनांपेक्षा वेगाने फुगते, त्यामुळे अर्थ लागणाऱ्या मांडण्याही वाढतात. नऊ अक्षरांचा ओलाफ बऱ्यापैकी भरवशाचा. गॅलिलिओची 37 अक्षरं मात्र अनेक उत्तरांचं घर.

मालिकेच्या वाचकांनाही हा अनुभव आला. शेवटचा भाग येण्याआधी, 2006 साली, 'द बिअॅट्रिस लेटर्स' हे पुस्तक निघालं. त्यातून बारा अक्षरं सुटी काढता येत होती. ती जुळवली की इंग्रजी वाक्य मिळतं, 'बिअॅट्रिस बुडाली'. पण त्याच बारा अक्षरांतून 'अ ब्राइन कास्केट', म्हणजे खाऱ्या पाण्यातली शवपेटी, हेही निघतं. दोन्हींना अर्थ आहे, दोन्ही समुद्राच्याच गोष्टी. एकूण मांडण्या 11 कोटी 97 लाख 50 हजार 400, आणि अक्षरं मोजून निवाडा होत नाही. निवाडा गोष्टीने केला. शेवटच्या भागात 'बिअॅट्रिस' हे एका होडीचं नाव असल्याचं कळतं.

बाहेरचा पुरावा नसेल तर काय होतं, याचं ठळक उदाहरण शेक्सपिअरच्या एका नाटकातला 27 अक्षरांचा लॅटिन शब्द आहे. त्याची अक्षरं फिरवून 1910 साली एका इंग्रज गृहस्थांनी लॅटिन वाक्य काढलं, 'ही नाटकं, फ्रान्सिस बेकनची अपत्यं, जगासाठी जपली आहेत.' अमेरिकेचे नामवंत गुप्तलिपितज्ज्ञ विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन या दांपत्याने 1957 साली, शेक्सपिअरची नाटकं खरं तर बेकन या तत्त्वज्ञाने लिहिली, अशा सगळ्या दाव्यांची झाडाझडती घेतली. त्यांच्या कसोट्या दोनच होत्या. निघालेला मजकूर भाषेच्या दृष्टीने नीट हवा, आणि पद्धत इतकी काटेकोर हवी की दुसऱ्या कुणी ती वापरली तरी तेच उत्तर यावं. एकही दावा टिकला नाही.

या कसोट्यांवर मालिकेतली 'सेबाल्ड' गुप्तलिपी मात्र उत्तम उतरते. तिचा नियम पुस्तकातच सांगितला आहे. घंटा वाजल्याचा उल्लेख आला की निरोप सुरू. पहिला शब्द घ्यायचा, मग प्रत्येक अकरावा, पुन्हा घंटा वाजेपर्यंत. नाशिकच्या मुलीने वाचलं काय आणि न्यूयॉर्कच्या मुलाने वाचलं काय, निरोप एकच निघतो. बायबलमध्ये ठरावीक अंतरावरची अक्षरं घेऊन भविष्यं शोधणाऱ्यांनी अंतर, दिशा आणि सुरुवात यांपैकी काहीच आधी ठरवलेलं नव्हतं. 1997 साली ऑस्ट्रेलियातले गणिती ब्रेंडन मॅके यांनी तीच रीत 'मोबी डिक' या कादंबरीला लावली आणि त्यातून नेत्यांच्या हत्यांची 'भाकितं' काढून दाखवली. त्यांत इंदिरा गांधींच्या हत्येचंही होतं. नियम मोकळा सोडला की कुठल्याही जाड पुस्तकातून हवं ते निघतं.

आपल्या मुलांसाठी मराठीत अशी रहस्यकथा कुणी रचली तर मला मनापासून आनंद होईल. त्या लेखकाला एक गोष्ट मात्र आधी ठरवावी लागेल, ती म्हणजे काय फिरवायचं. पूर्ण अक्षर फिरवलं तर 'नदी'ची 'दीन' होते. मात्रा सुटी धरली तर 'कवी'ची 'कीव' होते, जी पहिल्या रीतीने कधीच मिळाली नसती. 'पुजारी' या शब्दाच्या पहिल्या रीतीने फक्त 6 मांडण्या होतात, दुसरीने 36. जोडाक्षर फोडायचं का, अनुस्वार कुठे जाईल, ऱ्हस्व-दीर्घ बदललेलं चालेल का, हे प्रश्न वेगळेच. जी रीत निवडली असेल ती गोष्टीतल्याच एखाद्या पात्राच्या तोंडून वाचकाला कळली पाहिजे, सेबाल्डच्या घंटेसारखी. मग मुलं खुशाल अक्षरं कापून जमिनीवर पसरतील.