करडईच्या शेतातला सिनेमा पंचवीस वर्षं का अडकला

५ जुलै २०१६ रोजी अमेरिकेत ‘ओन्ली येस्टर्डे’ या अ‍ॅनिमेशन चित्रपटाची ब्लू-रे डिस्क विक्रीला आली. मूळ जपानी चित्रपट ‘ओमोइदे पोरोपोरो’ जपानमध्ये लागला होता २० जुलै १९९१ ला. पंचवीस वर्षांना पंधरा दिवस कमी. १९९१ मध्ये तिकडे सर्वाधिक कमाई करणारा जपानी चित्रपट हाच होता. तो काढला होता अ‍ॅनिमेशनपट बनवणाऱ्या स्टुडिओ घिबलीने आणि दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, म्हणजे ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’वाले. निर्मात्यांत खुद्द हायाओ मियाझाकी. एवढी वंशावळ असलेला सिनेमा पाव शतक अमेरिकेच्या वेशीबाहेर ताटकळतो, तेव्हा दोष सिनेमात शोधून उपयोग नाही. आणि तो का ताटकळला हे ठाऊक नसेल, तर त्या डिस्कवर नेमकं काय मिळालं हेही उमगत नाही.

आधी सिनेमाबद्दल. ‘पोरोपोरो’ हा आपल्या ‘टपटप’च्या जातीचा शब्द. आसवं गळावीत तशा आठवणी, असा नावाचा भाव. ताएको ही तोक्योत नोकरी करणारी सत्तावीस वर्षांची, लग्न न झालेली बाई. १९८२ च्या उन्हाळ्यात रजा काढून ती यामागाता प्रांतातल्या एका खेड्यात, थोरल्या बहिणीच्या सासरच्या नात्यातल्या शेतकरी कुटुंबाकडे जाते. रात्रीच्या गाडीत तिच्यासोबत तिचं १९६६ मधलं, पाचवीतलं रूपही चढतं. पुढचे जवळजवळ दोन तास ही शेतातली ताएको आणि ती शाळेतली ताएको आलटून पालटून येत राहतात. चेटकीण नाही, उडता किल्ला नाही, खलनायकही नाही.

मूळ चित्रकथा होतारू ओकामोतो आणि युको तोने यांची, १९८७ मध्ये एका साप्ताहिकात आलेली. तिच्यात फक्त बालपण आहे, तेही सुट्या सुट्या प्रसंगांत. त्यातून सलग सिनेमा कसा काढायचा, या पेचातून ताकाहातांनी मोठी ताएको, तिचा प्रवास आणि ते खेडं अशी चौकट नव्याने रचली. त्यामुळे सिनेमाची गतीच बदलली. आठवणीला घाई नसते. ती अननसापाशी थांबते.

हा अननसाचा प्रसंग सांगायलाच हवा, कारण हा सिनेमा आपल्याला झेपेल की नाही याची परीक्षा तिथेच होते. १९६६ च्या तोक्योतल्या मध्यमवर्गीय घरात ताजा अननस म्हणजे अपूर्वाई. तो कापायचा कसा, हेच कुणाला ठाऊक नाही. शेवटी तो कापला जातो, सगळे गंभीरपणे पहिला घास घेतात, आणि चेहरे पडतात. तो कडक आहे, आंबट आहे, डब्यातल्यासारखा नाहीच. एकेक जण फोड बाजूला सारतो, शेवटी केळंच बरं असं ठरतं, आणि छोटी ताएको मात्र हट्टाने खात राहते. बस्स, एवढंच. दुसऱ्या एका प्रसंगात दोन तृतीयांश भागिले एक चतुर्थांश यावर ती अडून बसते. ‘खालचा वर कर, वरचा खाली कर’ हे बहिणीचं उत्तर तिला पटत नाही, तिला सफरचंद कापून बघायचं असतं. ज्यांना इथे मोबाइलकडे हात न्यावासा वाटतो, त्यांनी खुशाल न्यावा. बाकीच्यांना या मुलीत कुणीतरी ओळखीचं भेटेल.

मोठी ताएको तिथे जाते ती लाल रंग देणाऱ्या फुलांच्या तोडणीसाठी. जपानीत ते ‘बेनीबाना’. आपल्याकडे त्याचं नाव करडई. सोलापूर-मराठवाड्याच्या माणसाला रब्बीतलं हे काटेरी पीक तेलबी म्हणून परिचयाचं. यामागातात मात्र त्याच्या पाकळ्यांतून ओठांना लावायची लाली आणि कापडाचा रंग निघे. तोडणी भल्या पहाटे, दव असताना, कारण तेव्हा काटे मऊ असतात. लाली लावणाऱ्या शहरातल्या बायका आणि बोटं रक्ताळून फुलं तोडणाऱ्या, स्वतः ती लाली कधीच न लावणाऱ्या पोरी, ही जुनी गोष्ट ताएकोच सांगते. त्या पहाटेची दृश्यं कला-दिग्दर्शक काझुओ ओगा यांची आहेत, आणि तीही अननसाइतकीच सावकाश चालतात.

आता अडकण्याची गोष्ट. ती सुरू होते १९८५ मध्ये, दुसऱ्याच एका सिनेमापासून. मियाझाकींच्या ‘नाउसिका’चा अमेरिकी वितरकाने वीसेक मिनिटं छाटून ‘वॉरिअर्स ऑफ द विंड’ केला आणि मुलांची साहसकथा म्हणून विकला. घिबलीच्या मंडळींना ते इतकं झोंबलं की पुढे १९९६ मध्ये तोकुमा शोतेन या मालक कंपनीने डिस्नेशी वितरणाचा करार केला, तेव्हा एक अट पक्की होती: कात्री चालवायची नाही. मियाझाकींच्याच ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या वेळी निर्माते तोशिओ सुझुकी यांनी अमेरिकी वितरकाला तलवार भेट देऊन हीच अट ठणकावल्याचा किस्सा पुढे प्रसिद्ध झाला.

‘ओमोइदे पोरोपोरो’ या करारात होता, आणि नेमका या अटीवरच आपटला. पाचवीतल्या मुलींना शाळेत पाळीबद्दल माहिती दिली जाते. मुलग्यांना कुणकुण लागते, चिडवाचिडवी होते. ताप येऊन गेलेली ताएको खेळाच्या तासाला बाहेर बसते आणि सगळ्यांना ‘तसंच’ वाटेल या भीतीने अर्धमेली होते. मराठी घरांत ‘कावळा शिवला’ म्हणत मोठ्या झालेल्या बायकांना यात धक्का बसण्यासारखं काही नाही. उलट, इतकं नेमकं कुणीतरी लिहिलं, चितारलं, याचंच नवल वाटेल. पण डिस्नेच्या कौटुंबिक शिक्क्याखाली हा भाग चालणार नाही, असं ठरलं. काढून टाकायला करार आडवा. मग उरला एकच मार्ग: सिनेमा कपाटात.

हे कारण सांगितलं जातं ते खरंच आहे, पण मला ते पुरेसं वाटत नाही. ‘प्रिन्सेस मोनोनोके’मध्ये हात-मुंडकी उडतात, आणि तो डिस्नेच्याच मिरामॅक्स या शाखेतून १९९९ मध्ये अमेरिकेत लागला. म्हणजे प्रौढांसाठीची दारं त्या घराला होती. पण ती तलवारीला उघडतात. ऑफिसातून रजा काढून करडई तोडायला गेलेल्या बाईसाठी कुठलं दार उघडायचं, हे कुणाला सुचलं नसावं. व्हिडिओच्या दुकानात चितारलेला सिनेमा म्हणजे मुलांचा कप्पा, नाहीतर मारधाडीचा. हा दोन्हींत बसत नव्हता. छाटणीपासून वाचवायला घातलेलं कुंपणच असं या सिनेमाला कोंडवाडा होऊन बसलं.

गंमत म्हणजे जपानात घिबलीच्या कॅसेटी आणि डीव्हीडी विकत होती डिस्नेचीच व्हिडिओ कंपनी, ‘घिबली गा इप्पाइ’ या मालिकेत, आणि तिच्यात हा सिनेमाही होता. तोक्योत जो माल दर्शनी भागात, तो लॉस एंजेलिसमध्ये घडी घालून ठेवलेला. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी मग जपानी डीव्हीडी मागवल्या. पण कुठली डीव्हीडी कुठल्या देशात चालेल यासाठी जगाचे विभाग पाडलेले, आणि जपान विभाग दोनमध्ये, अमेरिका एकमध्ये. साधा प्लेअर डिस्क गिळायचा आणि नकार द्यायचा. (आपण विभाग पाचमध्ये, तेव्हा आपली रड वेगळीच.)

बाकी पायऱ्या झटपट सांगतो. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेतल्या टीसीएम वाहिनीने घिबलीचे चित्रपट दाखवले, त्यांत हा सबटायटलांसह आला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये डीव्हीडी निघाली. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या जीकिड्स या छोट्या वितरण कंपनीने घिबलीच्या चित्रपटांचे उत्तर अमेरिकेतले थिएटरचे हक्क घेतले. २०१६ च्या सुरुवातीला तिने या सिनेमाची पहिली इंग्रजी आवृत्ती तिथल्या पडद्यावर आणली, आणि त्यामागोमाग जुलैत ती डिस्क.

तर डिस्क कशी आहे? सिनेमात दोन काळ दोन हातांनी काढलेले आहेत. १९८२ चा भाग कडेपर्यंत भरलेला, मातीच्या ढेकळासकट. १९६६ चा भाग फिकट जलरंगातला, आणि चित्राच्या कडा कोऱ्या पांढऱ्यात विरघळत गेलेल्या, जणू त्यापलीकडचं आठवतच नाही. कॅसेटवर रंग फिसकटतात, त्यामुळे हे विरणं तिथे नुसता धुरकटपणा वाटायचा. ब्लू-रेवर कागद आणि त्यावरचं पाणी वेगळं दिसतं. ज्यांनी हा सिनेमा आधी खराब प्रतीवर पाहून ‘बरा आहे’ म्हटलं होतं, त्यांनी तो फेरविचाराला घ्यावा, असं मी आग्रहाने म्हणेन.

इंग्रजी आवाजांबद्दल माझं मन तितकंसं स्वच्छ नाही. ‘स्टार वॉर्स’मुळे नुकतीच घराघरांत पोचलेली डेझी रिडली ताएको झाली आहे आणि देव पटेल झाला आहे तोशिओ, सेंद्रिय शेतीचं वेड घेतलेला तो खेड्यातला तरुण. दोघांनी काम जीव लावून केलंय. नावं नसती तर इतक्या लोकांनी डिस्क हातातही घेतली नसती, हेही खरं. पण ताकाहातांनी मोठ्या माणसांचे आवाज आधी ध्वनिमुद्रित करून मग चित्रं काढून घेतली होती. ओठच काय, हसताना गालावर उमटणारी रेघसुद्धा त्या जपानी बोलण्यावर बेतलेली. (या रेघांमुळे सत्तावीसची ताएको कधीकधी चाळिशीची दिसते, ही तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे.) त्यावर दुसरी भाषा चढवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. शिवाय तोशिओ बोलतो यामागाताची बोली. त्याला मूळ आवाज देणारे तोशिरो यानागिबा शेजारच्याच आकिता प्रांतातले. ताएकोची शहरी भाषा आणि त्याचं हेल काढून बोलणं यांतलं अंतर म्हणजे पुण्याची पाहुणी आणि वऱ्हाडातला यजमान. इंग्रजीत ते अंतर सपाट होतं. डिस्कवर जपानी आवाज आणि सबटायटल आहेत, तेच लावावेत. पुरवणीत तेव्हाचा निर्मितीपट आणि स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांची कच्ची चित्रं, दिले आहेत. आधी आवाज, मग चित्र, या कामाची झटापट समजून घ्यायला निर्मितीपट चुकवू नये.

आपल्याकडे हा सिनेमा रीतसर पोचला तो डिस्कवर नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून नेटफ्लिक्सने अमेरिका, कॅनडा आणि जपान सोडून बाकी जगात घिबलीचे चित्रपट दाखवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच सात चित्रपटांत हा होता. पंचवीस वर्षांची वाट इकडे एका बटणावर आली. पण तिथे एक मोठी खोट आहे.

या सिनेमाचा शेवट श्रेयनामावलीत आहे. ताएको परतीच्या गाडीत बसते, निरोप होतो, गाडी सुटते, आणि नावं वर सरकू लागतात. हारुमी मियाको यांच्या आवाजातलं गाणं सुरू होतं, ‘द रोज’ या इंग्रजी गाण्याचं खुद्द ताकाहातांनी केलेलं जपानी रूप. त्या नावांच्या आडून मग १९६६ मधली पोरं गाडीच्या डब्यात जमतात आणि ताएकोच्या मागे लागतात. ती उठते की नाही, कुठे उतरते, दोन तास ज्याची वाट पाहिली ते सगळं तिथे घडतं, एकही संवाद नसताना. स्ट्रीमिंगवर नावं सुरू झाली की चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि पुढचं काहीतरी वाजायला लागतं. डिस्क असं काही करत नाही. नेटफ्लिक्सवर बघणार असाल, तर गाडी सुटण्याआधीच रिमोट हातात घेऊन बसा.