नावात दक्षिण, जागा आग्नेयेला

कृष्णा पूर्ववाहिनी नदी, हे सातारा-सांगलीतलं शाळकरी पोरही घडाघडा सांगेल. पण वाईच्या घाटावरून निघालेलं पाणी सांगलीत आयर्विन पुलाखाली पोचेपर्यंत सुमारे 120 किलोमीटर दक्षिणेला उतरलेलं असतं आणि पूर्वेला सरकलेलं असतं फक्त 70 किलोमीटर. आपल्या दोन जिल्ह्यांत कृष्णा पूर्वेपेक्षा दक्षिणेलाच जास्त वाहते. काठावर जन्म काढलेल्यांनाही हे नकाशा उलगडल्याशिवाय ध्यानात येत नाही, कारण ‘पूर्ववाहिनी’ हा शब्द आधीच डोक्यात पक्का बसलेला असतो. खंडांच्या जागांबद्दलचे गैरसमजही असेच रुजले आहेत.

सगळ्यात मोठा गैरसमज दक्षिण अमेरिकेचा. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मायामी शहरावर दोऱ्याचं एक टोक धरा आणि दोरा दक्षिण ध्रुवापर्यंत ताणा. दोरा क्युबा आणि पनामा ओलांडतो, इक्वेडोर-पेरूच्या पश्चिम कडेला जेमतेम शिवतो आणि मग अंटार्क्टिकापर्यंत नुसता प्रशांत महासागर. ब्राझील, अर्जेंटिना, चिली सगळे दोऱ्याच्या पूर्वेला राहतात. उत्तर अमेरिकेच्या बरोब्बर खाली टांगलेली वाटणारी दक्षिण अमेरिका खरं तर आग्नेयेला आहे. पनामा कालव्याचं तर आणखी नवल: अटलांटिककडून प्रशांतकडे जाणारं जहाज तिथे आग्नेयेला जातं, म्हणजे ‘पश्चिमेचा’ महासागर गाठायला पूर्वेला सरकतं.

याची सुरुवात नावापासून झाली. 1507 मध्ये मार्टिन वाल्डझेम्युलरने आपल्या नकाशात ‘अमेरिका’ हे नाव लिहिलं, ते दक्षिणेकडच्या भूमीवर. 1538 च्या नकाशात गेरहार्ड मर्केटरने तेच नाव दोन्ही भूभागांना दिलं आणि एकाला उत्तर, दुसऱ्याला दक्षिण म्हटलं. एकदा जोडी ठरली की मन दोघींना एकाखाली एक बसवतं.

याच मर्केटरचा 1569 चा नकाशा आज जगभर शिव्या खातो. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग त्यावर सरळ रेघेने दाखवता येतो, आणि दर्यावर्दींना तेच हवं होतं. त्याची किंमत म्हणजे ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. ग्रीनलँड सुमारे 21.7 लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका 3 कोटींच्या वर, म्हणजे जवळपास चौदा पट. नकाशात मात्र दोघे बरोबरीचे दिसतात. हा आकाराचा दोष मर्केटरच्या पदरी घालावाच लागेल. पण अक्षांश-रेखांश त्याच्या पद्धतीत जागच्या जागी असतात. जागा चुकवण्याचं खापरही त्याच्यावर फोडणं मला अजिबात पटत नाही.

ती चूक आपली स्मृती करते. बार्बरा ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये हे दाखवून दिलं. लोकांसमोर दोन नकाशे ठेवले: एक खरा, दुसऱ्यात दोन्ही अमेरिका मुद्दाम एका ओळीत आणलेल्या. बहुतेकांनी दुसराच खरा मानला. वाकडंतिकडं लक्षात ठेवणं जड जातं, म्हणून मन ते परस्पर सरळ करून टाकतं.

युरोपच्या बाबतीत हवामानही फसवतं. रोम उबदार, म्हणून ते दक्षिणेकडचं वाटतं. प्रत्यक्षात रोम न्यूयॉर्कपेक्षा उत्तरेला आहे, आणि काश्मीरच्या टोकासह अख्खा भारत रोमच्या दक्षिणेला. अटलांटिकवरून येणारे वारे आणि गल्फ प्रवाह तिकडचा हिवाळा सौम्य ठेवतात. आफ्रिका तर आपण सगळीच ‘खाली’ समजतो, पण ट्युनिशियातलं तिचं उत्तर टोक 37 अंश 21 मिनिटांवर आहे, भारताच्या उत्तर टोकाच्याही किंचित वर.

आपल्याकडे ऐकू येणारी आणखी एक समजूत म्हणजे ऑस्ट्रेलिया भारताच्या खाली आहे. सांगलीहून नाकासमोर दक्षिणेला निघालात तर भटकळच्या आसपास किनारा संपतो आणि पुढे अंटार्क्टिकापर्यंत जमीन लागत नाही. ऑस्ट्रेलिया सुरू होतो तोच सांगलीच्या पूर्वेला 38 रेखांश ओलांडल्यावर. पहाटे गजर लावून तिथली कसोटी बघणाऱ्यांना घड्याळाने हे कधीच शिकवलंय. सामना आपल्या पहाटे सुरू होतो, कारण तिथे सूर्य आधी उगवतो.

आणि टिंबक्टू? जगाबाहेरचं ठिकाण म्हणून आपण ते नाव घेतो. पण सांगलीचा अक्षांश धरून मावळतीकडे निघालं, की अरबी समुद्र, ओमान, येमेन, सौदी अरेबिया, तांबडा समुद्र, एरिट्रिया, सुदान, चाड, नायजर अशी वाट कापत माली देशात शिरता येतं. तिथे आपल्या रेघेपासून टिंबक्टू दहाएक किलोमीटर दक्षिणेला आहे.