आजोबांची बंदूक, रिकामं मॅगझीन आणि परवाना

"जुनी बंदूक, मॅगझीन (बंदुकीला लावायचा गोळ्यांचा डबा) शोभेला ठेवलं तर परवाना लागत नाही" हा मेसेज गावोगावी वर्षानुवर्षं फिरतो. भल्या घरावर यातून केस होऊ नये, म्हणून लिहितोय.

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम २ नुसार सुटे भागही 'शस्त्र'च. कलम ४५ जुन्या हत्याराला सूट देतं, पण ते दुरुस्त करूनही चालणार नसेल तरच. माळ्यावरची भरमार (नळीच्या तोंडातून दारू ठासायची) बंदूक नुसती गंजली म्हणून सुटत नाही. घोडा बसवून बार निघत असेल, तर परवाना हवाच. किरकोळ सुट्या भागालाही सूट आहे, मात्र तो बाकीच्या भागांसोबत वापरायचा नसावा. थ्री-नॉट-थ्री रायफलीचं दहा गोळ्यांचं मॅगझीन त्याच रायफलीसोबत पेटीत असेल, तर ही सूट धरून चालू नका.

कायदा सरकारी संकेतस्थळावर वाचता येतो. वारशात असं काही सापडलं, तर कलम २१ प्रमाणे विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करा, पावती मागून घ्या.