तीन सूर्यांचं गाव

स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भाषिक व्हो प्रांतात, जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठावर रिव्हा नावाचं गाव आहे. क्षेत्रफळ जेमतेम 0.3 चौरस किलोमीटर, वस्ती साडेतीनशेच्या आसपास. तरी कारभार स्वतःचा. गावाला चिकटूनच डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे. 2007 साली युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलेल्या लाव्हो पट्ट्यातले हे मळे.

इथले लोक सांगतात, आमच्या द्राक्षांना तीन सूर्य पिकवतात. पहिला आकाशातला. दुसरा पाण्यातला: सूर्य माथ्यावर असताना शांत पाणी दोन-तीन टक्केच प्रकाश परतवतं, पण तो क्षितिजापासून दहा अंशांवर उतरला की जवळपास एक तृतीयांश. म्हणजे शरद ऋतूत, नेमकं शास्ला जातीची द्राक्षं पिकताना, कलत्या उन्हाचा मोठा वाटा या दक्षिणमुखी उतारावर येऊन पडतो.

मला सर्वात मोलाचा वाटतो तो तिसरा, दगडी बांधांचा. उन्हाळ्यात दिवेलागणीला दगडी पायरीवर बसलं की खालून ऊब लागते ना, तेच इथे घडतं. दिवसभर तापलेला बांध रात्री वेलींच्या मुळाशी हळूहळू उष्णता सोडतो. शिवाय माती धरून ठेवतो. मध्ययुगात मठातल्या साधूंनी रचायला घेतलेले हे बांध आजही हातानंच दुरुस्त करावे लागतात. तोडलेली द्राक्षं मात्र आता एका रुळावरच्या चिमुकल्या गाडीतून उतार चढतात.

सरोवर हा याहून मोठा साठा. एक किलो पाणी एक अंशानं तापवायला त्याच वजनाच्या दगडाच्या सुमारे पाचपट उष्णता लागते, आणि हे सरोवर सर्वात खोल जागी 310 मीटर आहे. उन्हाळ्यात साठवलेली ऊब ते हिवाळाभर पुरवून वापरतं. म्हणून काठावरची थंडी सौम्य राहते.

पण याच साठ्याची आता काळजी वाटते. कडक हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, तळाशी जातं आणि सोबत प्राणवायू नेतं. हिवाळे उबदार झाल्यानं ही घुसळण अर्धवट राहते. 2012 मध्ये ती तळापर्यंत पोहोचली होती. त्यानंतर कित्येक हिवाळे पूर्ण घुसळणीविनाच गेले, आणि रिव्हासमोरच्या त्या निळ्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू घटत चालला आहे.