रोटर हलला म्हणजे डिस्ट्रिब्युटर गेला?

जुनी अँबॅसिडर किंवा पद्मिनी मिसिंग मारू लागली (इंजिन अडखळू लागलं) की कुणीतरी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने स्पार्क पोचवणाऱ्या भागाची, कॅप काढतो, आतला फिरता रोटर बोटांनी फिरवून बघतो आणि निकाल देतो: "हलतोय, डिस्ट्रिब्युटर गेला." हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय, आणि तो अर्धवट आहे.

रोटर एका दिशेला थोडा फिरून सोडल्यावर टपकन मागे येतो, ती झीज नव्हे. खालच्या वजनांच्या स्प्रिंगा त्याला परत ओढतात. वेग वाढला की हीच वजनं बाहेर फेकली जाऊन टायमिंग पुढे नेतात, म्हणजे स्पार्क लवकर पाडतात. उलट तो मागे येत नसेल, तर स्प्रिंग तुटली किंवा यंत्रणा गंजून अडकली असण्याची शंका घ्या.

खरी झीज कळते शाफ्ट (रोटर ज्यावर बसतो तो दांडा) आडवा हलवल्यावर. बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) घासलेला असला की कॅमच्या (शाफ्टवरच्या उंचवट्यांच्या) प्रत्येक टोकाला पॉइंटचा, म्हणजे उघडून स्पार्क पाडणाऱ्या संपर्काचा, गॅप वेगळा पडतो. लुकास पद्धतीच्या चार सिलिंडरी डिस्ट्रिब्युटरला तो साधारण ०.३५ ते ०.४० मिमी लागतो. पण शाफ्ट डुलत असेल तर तुम्ही फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावून कितीही नेमका बसवा, पुढच्या टोकाला बिघडणारच. गॅप वाढला की स्पार्क लवकर पडतो, कमी झाला की उशिरा. टायमिंग लाइटखाली (स्पार्कबरोबर चमकणाऱ्या दिव्याखाली) टायमिंगची खूण थरथरते ती यामुळे.

आणखी एक: पॉइंटवर एका बाजूला टेंगूळ, दुसरीकडे खड्डा असेल तर गेज टेंगळावर टेकतो आणि खरा गॅप मोजलेल्यापेक्षा जास्त निघतो. नवा पॉइंटही लवकर तसाच झाला, तर कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा भाग) तपासा.