सरकते कॉर्ड शेप (गिटार)

गिटारच्या नेकवर, म्हणजे दांडीवर, बोटांची एक रचना बसवायची आणि तीच रचना न मोडता वर-खाली सरकवून वेगवेगळ्या पट्टीतले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, काढायचे, याला सरकते शेप किंवा मूव्हेबल शेप म्हणतात. अट एकच, शेपमध्ये मोकळी तार वाजता कामा नये, कारण बोटं सरकतात पण मोकळी तार जागची हलत नाही. म्हणून ओपन, म्हणजे मोकळ्या तारांच्या, कॉर्डमध्ये जे काम नट, म्हणजे नेकच्या टोकाला तारा टेकतात तो आडवा तुकडा, करतो ते इथं बहुतेक वेळा तर्जनी करते, आडवी टाकून सगळ्या तारा दाबते, आणि असा कॉर्ड म्हणजे बार कॉर्ड. सगळे सरकते शेप बार नसतात, दोन-तीन तारांचे छोटे शेपही असतात, पण शिकायला सुरुवात बहुतेक सगळ्यांची बारपासूनच होते आणि बऱ्याच जणांची गिटार कोपऱ्यात जाते तीही तिथंच, एफ कॉर्डला.

हे चालतं का तर नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या कांड्या म्हणजे फ्रेट, आणि प्रत्येक फ्रेट म्हणजे अर्धा सूर. बारा फ्रेट चढलं की तोच सूर वरच्या सप्तकात येतो आणि बारावा फ्रेट बरोबर तारेच्या मध्यावर असतो. सहाही तारांवर तुम्ही एकाच वेळी एकेक फ्रेट वर गेलात तर सगळे सूर सारखेच चढतात, त्यांचं आपसातलं नातं तसंच राहतं, म्हणून मेजर मेजरच राहतो आणि मायनर मायनरच. फ्रेटांमधलं अंतर मात्र सारखं नसतं. नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तारेच्या दुसऱ्या टेकूपर्यंत, साधारण ६४८ मिलिमीटर तार असलेल्या गिटारवर पहिला फ्रेट नटपासून ३६ मिलिमीटरवर येतो, चौथ्या-पाचव्यामधली जागा २९ च्या आसपास, आणि अकराव्या-बाराव्यामधली जेमतेम १९. म्हणजे तोच शेप खाली नटजवळ बोटं ताणून धरावा लागतो आणि वर बोटं आवळून, आणि हे हाताला एका दिवसात कळत नाही.

पट्टी आणि फ्रेट

मराठवाड्यात गिटार घेऊन बसणाऱ्या पोरांच्या आजूबाजूला संगीत म्हणजे आधी पेटी. गावात सप्ताह असतो, भजनी मंडळ असतं, चौदा एप्रिलला भीमगीतांचे कार्यक्रम, गणपतीत ऑर्केस्ट्रा, कॉलेजात गॅदरिंग आणि युवक महोत्सव, आणि सगळीकडं गाणारा माणूस सी शार्प किंवा ए फ्लॅट म्हणत नाही, तो म्हणतो काळी एक, काळी चार, पांढरी पाच. ऑर्केस्ट्रात तर एक गायक उतरला की दुसरा चढतो, बाईंची पट्टी वेगळी, दादांची वेगळी, कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो आणि गिटारवाल्याकडं बटण नसतं. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, असतो, पण चालू गाण्यात पट्टी चढवली तर कॅपो काढून लावायला वेळ कुठं मिळतो. इथं सरकते शेप ज्याच्या हातात आहेत त्याची अडचण होत नाही, आणि ज्याला फक्त जी, सी, डी, ई मायनर येतं तो काळी चार ऐकून गप्प बसतो.

माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या पोरांनी सहाव्या आणि पाचव्या तारेवरचे सूर पेटीच्या नावानंच पाठ करावेत, इंग्रजी अक्षरं नंतर आपोआप येतात. सहावी म्हणजे सगळ्यात जाड तार, मोकळी पांढरी तीन. तिच्यावर पहिला फ्रेट पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच, चौथा काळी चार, पाचवा पांढरी सहा, सहावा काळी पाच, सातवा पांढरी सात, आठवा पांढरी एक, नववा काळी एक, दहावा पांढरी दोन, अकरावा काळी दोन, आणि बाराव्याला परत पांढरी तीन. पाचवी तार मोकळी पांढरी सहा, तिच्यावर दुसरा फ्रेट पांढरी सात, तिसरा पांढरी एक, चौथा काळी एक, पाचवा पांढरी दोन, सहावा काळी दोन, सातवा पांढरी तीन. पेटीवर जिथं दोन पांढऱ्यांच्या मध्ये काळी नाही, म्हणजे तीन-चारच्या मध्ये आणि सात-एकच्या मध्ये, तिथं गिटारवरही मधला फ्रेट नाही, शेजारचाच फ्रेट लागतो. पेटी बघितलेल्या लेकराला हे एकदा दाखवलं की पुरतं.

पाच शेप, खरं तर दोन

सहसा पाच शेप शिकवतात, सी, ए, जी, ई, डी, आणि त्यांच्या आद्याक्षरांवरून याला केज्ड (CAGED) पद्धत म्हणतात. ओपन कॉर्डमध्ये जे पाच मेजर आपण पहिल्या महिन्यात शिकतो तेच हे शेप, आणि नेकवर ते याच क्रमानं एकमेकांना चिकटून येतात. पांढरी एकचा म्हणजे सी मेजर घ्या, खाली ओपन सी, मग तिसऱ्या फ्रेटला ए शेप, पाचव्याला जी शेप, आठव्याला ई शेप, दहाव्याला डी शेप, आणि बाराव्याला परत सी शेप. एकच कॉर्ड पाच ठिकाणी, दुसरी पट्टी घेतली तर सुरुवात दुसऱ्या शेपनं होते पण क्रम मोडत नाही.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. नुसतं बोटांचं चित्र पाठ करून काही होत नाही, त्या चित्रात सा, म्हणजे ज्या सुराच्या नावाचा कॉर्ड आहे तो सूर, कुठं आहे, ग कुठं आहे, प कुठं आहे हे कळलं पाहिजे, कारण मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प आणि मायनर म्हणजे सा-कोमल ग-प, बाकी काही नाही. ई शेपमध्ये जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सा, प, सा, ग, प, सा. ए शेपमध्ये पाचव्या तारेपासून सा, प, सा, ग, प. डी शेपमध्ये चौथीपासून सा, प, सा, ग. नीट बघा, तिन्हीत क्रम एकच आहे, फक्त एकेक तार सरकलाय. तसंच जी शेपमध्ये सहावीपासून सा, ग, प, सा, ग, सा आणि सी शेपमध्ये पाचवीपासून सा, ग, प, सा, ग, हे दोघं एका घरातले. म्हणजे पाच म्हटले तरी कुळं दोनच.

मग दिसायला वेगळे का दिसतात, तर दुसऱ्या तारेमुळं. सहावी ते पाचवी, पाचवी ते चौथी, चौथी ते तिसरी, सगळीकडं सा ते म इतकं अंतर, पाच फ्रेट. फक्त तिसरी ते दुसरी चारच फ्रेट, सा ते ग. पुढं दुसरी ते पहिली परत पाच. त्यामुळं कुठलाही शेप एक तार खाली, म्हणजे बारीक तारांकडं, उतरवला की जो सूर तिसरीवरून दुसरीवर येतो त्याला एक फ्रेट पुढं टाकावं लागतं. ई शेप घ्या आणि सगळं एकेक तार उतरवा, तिसऱ्या तारेवरचा पहिल्या फ्रेटचा ग दुसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला जातो, झाला ए शेप. हे हातानं एकदा करून बघितलं की फ्रेटबोर्डची निम्मी भीती जाते, आणि क्लासमध्ये हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत का सांगत नाहीत हे मला खरंच कळत नाही.

ग सापडला की मायनर फुकटात मिळतो. ई शेपचा बार धरा, तर्जनी आडवी, मधलं बोट तिसऱ्या तारेवर एक फ्रेट पुढं, अनामिका पाचव्या तारेवर आणि करंगळी चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढं. हे जे मधलं बोट आहे ते एकटं ग वाजवतंय. ते उचला, ती तार आता तर्जनीवर आली, सूर अर्धा उतरला, कोमल ग झाला, कॉर्ड मायनर झाला. करंगळी उचलली तर चौथ्या तारेवरचा सा कोमल नी होतो आणि सेव्हन्थ मिळतो, दोन्ही बोटं उचलली तर मायनर सेव्हन्थ. एका बारमधून चार कॉर्ड, आणि प्रत्येक वेळी कुठला सूर हलला हे माहीत असल्यामुळं चार्ट बघायची गरज नाही. ए शेपमध्ये ग दुसऱ्या तारेवर आहे, तिथं तेच करायचं, फक्त मायनर करताना बोटं बदलून धरावी लागतात.

सा, म, प एका मुठीत

आपल्याकडच्या निम्म्याहून जास्त साध्या गाण्यांना सा, म आणि प वरचे तीन मेजर कॉर्ड पुरतात, त्यामुळं हा भाग आधी पक्का करावा. सा सहाव्या तारेवर ई शेपमध्ये धरला तर म त्याच फ्रेटला पाचव्या तारेवर ए शेपमध्ये मिळतो, आणि प दोन फ्रेट पुढं, तोही ए शेपमध्ये. काळी चारचं गाणं आहे, मग चौथ्या फ्रेटला ई शेप हा सा, चौथ्याच फ्रेटला ए शेप हा म, म्हणजे काळी एक, आणि सहाव्या फ्रेटला ए शेप हा प, म्हणजे काळी दोन. गायक म्हणाला अर्धी पट्टी चढवा, तर तिन्ही एक फ्रेट पुढं, विचार काही नाही. सा पाचव्या तारेवर असेल तर उलटं, प त्याच फ्रेटला ई शेपमध्ये आणि म दोन फ्रेट मागं ई शेपमध्ये. या दोन मांडण्या हातात बसल्या की कुठलीही पट्टी सातव्या-आठव्या फ्रेटच्या आतच सापडते, नेकवर लांब उड्या माराव्या लागत नाहीत.

बार धरताना

एफ पहिल्या फ्रेटला आहे म्हणून बार तिथूनच शिकायला लागतात, आणि तोच सगळ्यात जड असतो कारण नट जवळ आहे, तार तिथं जास्त ताठ लागते आणि फ्रेटही रुंद. पाचव्या फ्रेटला सुरू करा, आठवड्याला एक फ्रेट खाली या. तर्जनीनं सहा तारा दाबायच्या असं वाटतं म्हणून माणूस सगळी ताकद लावतो, पण ई शेपमध्ये तर्जनीच्या वाट्याला खरं काम तीनच तारांचं येतं, सहावी, दुसरी आणि पहिली, बाकीच्या तीन इतर बोटं दाबतातच. ए शेपमध्ये तर फक्त पाचवी आणि पहिली. बोट फ्रेटच्या अगदी जवळ ठेवायचं, आणि पालथं सपाट न ठेवता किंचित अंगठ्याच्या बाजूला कलवायचं, तिथं हाड लागतं आणि तार बोटाच्या पेरातल्या खड्ड्यात जात नाही. अंगठा नेकच्या मागं मधोमध. दाब अंगठ्यानं चिमटा काढून नाही, कोपर जरा मागं ओढून हाताच्या वजनानं द्यायचा. एकेक तार छेडून बघा, कुठली बंद पडतेय ते ऐका, तेवढीच सुधारा. मनगट दुखायला लागलं तर थांबायचं, दुखण्यावर रेटून वाजवण्यात काही मोठेपणा नाही.

आणि गिटारही बघा. नट जास्त उंच असेल तर पहिल्या फ्रेटचा बार कुणालाच धड लागणार नाही, लेकरू रडकुंडीला येतं आणि दोष बोटांना देतं. स्वस्तातले तारांचे सेट दर महिन्याला बदलण्यापेक्षा एकदा चांगल्या कारागिराकडून नट आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, खाली करून घ्या. इकडं हवेचाही त्रास आहे, मार्च ते मे कोरडी ठणठणीत हवा, पारा चाळीशीच्या वर, लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बाहेर येऊन हाताला लागतात, वरची फळी बसते आणि तारा बझ करतात. पावसाळ्यात उलटं, फळी फुगते, ॲक्शन चढते आणि मागच्या महिन्यात लागणारा बार लागेनासा होतो. गिटारसाठी हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के बरी मानतात. पत्र्याच्या खोलीत भिंतीला टांगून ठेवण्यापेक्षा उन्हाळ्यात केसमध्ये ठेवलेली बरी.

जुनी गोष्ट आहे

शेप सरकवायची कल्पना इलेक्ट्रिक गिटारबरोबर आली असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. १६०६ साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये जिरोलामो माँतेसार्दो याचं गिटारचं पुस्तक छापलं गेलं, त्यात प्रत्येक कॉर्डच्या शेपला एक अक्षर दिलं होतं. त्या शतकात पुढं अशा अक्षरासोबत आकडा लिहायची पद्धत रुळली, अक्षर म्हणजे शेप आणि आकडा म्हणजे फ्रेट, आज आपण पाचव्याला ई शेप म्हणतो तेच. त्या काळच्या गिटारला तारांच्या पाच जोड्या असायच्या आणि त्यांचं ट्यूनिंग सुरांच्या नावानं आजच्या पाचवी ते पहिली या तारांसारखंच होतं. पुढं विसाव्या शतकात जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट, ज्याची डाव्या हाताची दोन बोटं १९२८ च्या आगीत निकामी झाली, त्यानं उरलेल्या बोटांना झेपतील असे छोटे शेप नेकभर सरकवून वाजवले. फ्रेडी ग्रीन १९३७ पासून काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये दोन-तीन सुरांच्या शेपवर अख्खा ताल धरून होता. रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्स ई शेपचा सहाव्या तारेवरचा सा आडव्या तर्जनीऐवजी अंगठा वरून आणून दाबायचा, त्यामुळं बाकीची बोटं मोकळी राहायची, हात मोठा असेल तर करून बघण्यासारखं आहे.

छोटे शेप आणि भजन

सहाही तारा प्रत्येक वेळी वाजवल्याच पाहिजेत असं काही नाही, उलट पेटी, पखवाज आणि टाळ जोरात चालू असताना पूर्ण बार कॉर्ड गोंगाटात भर घालतो. तेव्हा बारीक तीन तारांवरचे सा-ग-प चे शेप जास्त चांगले लागतात. नुसता सा-प चा दोन तारांचा शेप, ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात, त्यात ग च नाही, म्हणून तो मेजरही नाही आणि मायनरही नाही. रॉकवाले तो डिस्टॉर्शनवर, म्हणजे आवाज फाडून, वाजवतात, पण अभंगामागं तो हळू वाजवला तर फार उपयोगी पडतो, कारण गाणारा कधी शुद्ध ग घेतो कधी कोमल, आणि आपला ग त्याच्या ग ला आडवा येत नाही.

भैरवीत रे, ग, ध, नी कोमल असतात, तिथं सा वर मायनर धरायचा. आणि गंमत म्हणजे त्याच्या पुढच्याच फ्रेटला, कोमल रे वर, मेजर बसतो, कारण कोमल रे, म आणि कोमल ध हे तिन्ही सूर भैरवीतलेच. सा काळी एक असेल तर पाचव्या तारेवर चौथ्या फ्रेटला ए मायनर शेप आणि पाचव्या फ्रेटला ए शेप मेजर, एवढ्या दोन कॉर्डवर भैरवीतलं अख्खं धृपद धरता येतं, फक्त गायक शुद्ध रे लावतोय का तिकडं कान ठेवायचा, लावला तर तेवढ्यापुरतं सा-प वर थांबायचं.