शिशाच्या गोळीला कागद का गुंडाळतात, आणि कोणता?

१८५७च्या काडतुसांची गोष्ट निघाली की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पितळी काडतूस येते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रांतही तेच असते. मग शंका येते: पितळेला चरबी कशासाठी, आणि ते दातांनी तुटणार कसे? उत्तर सोपे आहे. तेव्हाच्या एनफिल्ड रायफलचे काडतूस कागदाचे होते. त्यातला एक कागद गोळीबरोबर नळीत जायचा, आणि चरबी लावलेली असायची ती त्या कागदावर.

१८५३ सालची एनफिल्ड रायफल ठासणीची होती. म्हणजे दारू आणि गोळी दोन्ही नळीच्या तोंडातून भरायची. शिपाई काडतुसाचे शेपूट दातांनी तोडी, दारू नळीत ओती, काडतूस उलटे करून गोळीचे बूड नळीच्या तोंडाशी बसवी, वरचा रिकामा कागद फाडून टाकी आणि गजाने गोळी खाली ढकली. गोळीभोवतीचा कागद मात्र तसाच राहायचा. बंदुकीच्या भाषेत तो ‘पॅच’, म्हणजे गोळीचे आवरण. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर मिळणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना यातले काही लागू नाही, कारण त्यांची नळी आतून गुळगुळीत असते.

रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा, म्हणजे आटे, कापलेले असतात. ते गोळीला स्वतःभोवती फिरवतात आणि फिरणारी गोळी हवेत कोलमडत नाही. अडचण शिशाची आहे. शिसे मऊ, ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारे. उघडी गोळी पोलादावर घासली की शिशाचा थर आट्यांत बसतो आणि पाच-दहा बारांत नेमबाजी बिघडते. मधे कागद आला की शिसे पोलादाला शिवतच नाही. बार उडाला की मागच्या दाबाने मऊ गोळी किंचित आखूड आणि जाड होते, कागदासकट आट्यांत दाबली जाते आणि फिरू लागते.

कागद जळत कसा नाही? वेळच मिळत नाही. गोळी नळीत जेमतेम चार-पाच मिलिसेकंद असते. कागदातून उष्णता किती मंद सरकते याचा हिशेब केला, तर तेवढ्या वेळात ती सुमारे ०.०२ मिमी आत शिरते. आवरणाचे दोन थर मिळून ०.१ मिमी असतात. वरचा पापुद्रा करपतो, आतला थर शाबूत राहतो.

आता खरी कसोटी. जो कागद नळीत घट्ट टिकला, त्यानेच तोंडाबाहेर पडताक्षणी गोळीला सोडले पाहिजे. एखादा तुकडा चिकटून राहिला तर गोळीचा तोल जातो आणि ती भरकटते. सोडवण्याचे बरेचसे काम गोळीचे फिरणेच करते. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने, म्हणजे ज्याच्या नावाचे स्क्रूचे आटे आजही आपल्या वर्कशॉपमध्ये चालतात त्यानेच, ०.४५१ इंची रायफल केली. तिच्या षटकोनी नळीचा एक पूर्ण पीळ २० इंचांत होतो. सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटलेली गोळी त्यामुळे सेकंदाला सुमारे ७९० फेरे घेते. गोळीच्या पृष्ठभागावरच्या कागदाला धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या सुमारे १४,००० पट बळ लागेल. नळीच्या भिंतीचा आधार संपताच तो भिरकावला जातो. एनफिल्डचा पीळ ७८ इंचांत एक, फेरे सेकंदाला पावणेदोनशेच्या आसपास, आणि हाच आकडा तिथे ९०० पटींवर येतो. तिच्या काडतुसाच्या कागदाला गोळीभोवती उभ्या चिरा दिल्या जात, म्हणजे कमी फिरण्यातही कागद सुटावा.

पण नुसत्या फिरण्याने भागत नाही. कागद कुठे फाटणार हे त्याच्या धाग्यांवर ठरते, आणि आज ठासणीच्या रायफलसाठी कागद निवडतानाही सगळी मेख इथेच आहे.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या धाग्यांची चटई. धागे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरलेले असतात. पाणी शिरले की ते बंध सैल होतात आणि प्रत्येक धागा फुगतो, पण जाडीत बराच आणि लांबीत नाममात्र. यंत्रावर केलेल्या कागदात बहुतेक धागे यंत्राच्या दिशेने निजलेले असतात. म्हणून ओला कागद धाग्यांना आडव्या दिशेने जास्त पसरतो आणि वाळताना त्याच दिशेने जास्त आवळतो. आपल्याला आवळणे हवे आहे ते गोळीच्या घेरावर. तेव्हा धागे गोळीच्या लांबीला समांतर आले पाहिजेत, म्हणजेच लांब पट्टीच्या आडवे. याचा दुसरा फायदा नळीत मिळतो. एवढ्याच व्यासाच्या नळीत २० इंचांत एक पीळ घेणारे आटे अक्षाशी जेमतेम चार अंशांनी तिरपे असतात. त्यांच्या कडा कागद उभा कापत जातात, आणि धागेही उभेच असल्याने कागदाच्या सरळ फिती होतात. काही नेमबाज पट्टी उलट्या दिशेने कापतात. ओली पट्टी ओढताना तुटत नाही हे खरे, पण वाळल्यावर ती गोळीला तशी आवळत नाही आणि फितीही नीट होत नाहीत. पट्टी हलक्या हाताने ओढणे हाच त्यावर चांगला उपाय.

धाग्यांची दिशा ओळखायला कागदाचा चौकोनी तुकडा पाण्यावर अलगद तरंगत ठेवावा. खालची बाजू भिजून पसरते आणि तुकडा सुरळीसारखा वळतो. सुरळीचा अक्ष ती धाग्यांची दिशा.

कागद शक्यतो सुती असावा. कापसाचे धागे लांब, म्हणून ओलेपणीही पट्टी हातात तुटत नाही. टंकलेखनाच्या प्रतींसाठी वापरत तो पातळ मॅनिफोल्ड कागद किंवा सुती ट्रेसिंग कागद चांगला. फोटोकॉपीचा कागद नको. तो साधारण ०.१ मिमी, म्हणजे हव्या त्या जाडीच्या दुप्पट असतो, आणि त्यात चुनखडी किंवा चिनी मातीची भर असते. ही भर धाग्यांच्या मधे बसून बंध तोडते आणि नळीही घासते. परीक्षा म्हणून वीतभर कागद बशीत जाळावा. चिमूटभर भुरी राख उरली तर उत्तम. कागदाच्याच आकाराचा पांढरा सांगाडा उरला, तर तो कागद बाद. सिलिकॉनचा लेप दिलेला बेकिंगचा बटर पेपर पाणी पीत नाही, म्हणून आवळतही नाही. हातकागद सुती आणि चिवट असला तरी जाड आणि असमान असतो. ‘खास आवरणाचा’ म्हणून महाग विकला जाणारा कागद या कसोट्यांना उतरला तर घ्यावा, नुसत्या नावावर घेऊ नये.

जाडीचे गणित असे. दोन वेढे म्हणजे व्यासात चार थरांची भर. नळीचा आट्यांच्या माथ्यावरचा व्यास ११.४६ मिमी आणि गोळी ११.२५ मिमी असेल, तर फरक ०.२१ मिमी. त्याला चारने भागले की ०.०५ मिमी. एकच पान मोजू नये. दहा पाने एकत्र मायक्रोमीटरमध्ये धरावीत आणि आकड्याला दहाने भागावे. दोन वेढ्यांची लांबी या गोळीला ७१.३ मिमी येते, पण ओली पट्टी लांबते, म्हणून कोरडी ७० मिमीच्या आसपास कापावी आणि पहिल्या दोन-तीन गोळ्यांवरून नेमकी करावी. दोन्ही टोके तिरकी, समांतर कापावीत, म्हणजे सुरुवात आणि शेवट एकमेकांना भिडतात. अर्ध्या मिलिमीटरची फट चालते. टोक टोकावर चढलेले चालत नाही. तिथे उंचवटा येतो, गोळी ठासताना कागद तिथेच फाटतो आणि गोळी एका बाजूला जड होते.

पट्टी पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून काचेवर पसरावी. निमुळते टोक सुरू होते तिथे वरची कड, बुडाखाली पाच-सहा मिमी शिल्लक. गोळी बोटाखाली लोळवत गुंडाळावी, शिल्लक कागद बुडाखाली चापून दुमडावा. दिवसभर सावलीत वाळू द्यावी. उन्हात किंवा ओव्हनमध्ये वरचा थर आधी आवळतो आणि कड सुटते. वाळलेली गोळी गजाच्या वजनाने नळीत सरकली पाहिजे. हातोडी लागत असेल तर पातळ कागद घ्यावा.

वंगणाला मधमाश्यांचे मेण पाच भाग आणि चरबी एक भाग हे एनफिल्डचे नंतरचे प्रमाण. आधीच्या मिश्रणात चरबीच मुख्य होती. ती हिंदुस्थानच्या उन्हात वितळून कागदात जिरे आणि गोळी नळीत अडके. पुढे वंगण बदलले आणि गोळीही ०.५६८ वरून ०.५५ इंचावर आणली गेली. शिपायांचा वंगणावरचा संशय निराधार नव्हता. चरबी होतीच, आणि ती कोणत्या प्राण्याची याची खातरी कोणी त्यांना देऊ शकले नाही. पण फेब्रुवारी १८५७ मध्ये बराकपूरच्या चौकशीत कोऱ्या कागदावरही बोट ठेवले गेले. तो चकाकतो आणि जाळल्यावर चरबीचा वास येतो, असे साक्षीत आले. चकाकी तर कागदावर सरस चढवून तो दाबला की येतेच. प्राणिज सरस जाळला तर मांस जळल्यासारखा वास येतो, कागदात चरबीचा थेंबही नसला तरी.

बार उडाल्यावर नळीच्या तोंडापुढच्या जमिनीवर कागदाचे तुकडे शोधावेत. सरळ कडांच्या फिती मिळाल्या तर कागद, जाडी आणि गुंडाळणी तिन्ही बरोबर. आवरणाची अखंड वाटीच सापडली तर कागद फार चिवट किंवा धागे उलट दिशेने. बुडाकडचे तुकडे करपून भोके पडली असतील, तर गोळी नळीला लहान पडते आणि वायू बाजूने निसटतो. तिथे कागद बदलून उपयोग नाही, मऊ शिसे किंवा जाड गोळी लागेल, शिवाय दारू आणि गोळी यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चकती. तुकडे कमी सापडले तर काही नळीतच अडकले असतील. त्यातला एखादा धुमसत असला तर पुढची दारू ओतताना तोंडावर पेट घेईल. म्हणून प्रत्येक बारानंतर आधी ओल्या आणि मग कोरड्या चिंधीने नळी तळापर्यंत पुसून घ्यावी.